भेटीच्या पुड्या

लाखनी आणि आजूबाजूच्या गावांत माझी ओळख 'रडवणारी मॅडम' अशी आहे. फिजिओथेरपिस्ट हा शब्द तीस वर्षांत कुणाच्या तोंडी बसला नाही आणि मीही तो बसवायचा नाद सोडून दिला. सुरुवातीला लोक मला 'मालिशवाली' म्हणत, त्याचा मला फार राग येई. मग एकदा एका आजीबाईने माझ्यादेखत तिच्या जावेला सांगितलं, "मालिशगिलिश काई नाई करत थे. नुसती रडोते." तेव्हापासून मी मालिशवालीची रडवणारी झाले, आणि मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

काम तसं साधं आहे. गुडघा बदलायचं ऑपरेशन होतं नागपूरला. घासून गेलेली हाडं तासून सर्जन त्यांवर धातूची टोपी बसवतो आणि मधे प्लॅस्टिकची गादी ठेवतो. दीड-दोन तासांत त्याचं काम संपतं, चार-पाच दिवसांत पेशंट घरी येतो, आणि तिथून माझं सुरू होतं. नवा सांधा वाकवला नाही तर भोवतीचं मांस आवळून येतं आणि पाय ताठ तो ताठच राहतो. दाराला नवी बिजागरी बसवायची आणि दार मात्र उघडायचंच नाही, असं ते होतं. पहिले सहा आठवडे फार मोलाचे. त्यात गुडघा काटकोनापर्यंत आला की माणूस खुर्चीतून उठतो, त्याच्या थोडा पुढे गेला की पायऱ्या चढतो. दुखतं, पेशंट ओरडतो, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मी कोन मोजायची पट्टी लावते आणि म्हणते, अजून पाच अंश.

मी रागीट आहे हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या रागाचा मोठा वाटा आहे. घरचे म्हणतात, स्कूटीचा आवाज ऐकूनच पेशंट पाय हलवायला लागतात. ही गोष्ट मी बरीच वर्षं कौतुकानेच ऐकत आले.

ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टर गोळ्यांची यादी देतात. दुखण्याच्या गोळ्या लोक वेळेवर घेतात, त्या संपल्या तर मुलाला पळवतात. खालच्या ओळींतलं लोह, कॅल्शियम, बी-बारा आणि आठवड्यातून एकदा घ्यायची डी जीवनसत्त्वाची पुडी, हे सगळं त्यांना शोभेचं वाटतं. मुरमाडीकडच्या एका काकांचा गुडघा बरा होत होता, पण कॅल्शियमचं पाकीट फारच लवकर संपायचं. खोदून विचारलं तर कळलं, व्यालेली गाय बसली होती, उठत नव्हती. जनावरांच्या डॉक्टरने कॅल्शियम कमी आहे म्हटलं, तेव्हा काकांनी आपल्या गोळ्या कुटून तिच्या ढेपेत, म्हणजे पेंडीत, घातल्या. मी भडकले. काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, गाय उठली ना पण!"

उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगात डी कमी कसं, असं मला नेहमी विचारतात. ज्याचा गुडघा बदलायची पाळी येते तो आधीची चार-पाच वर्षं उन्हात राबत नसतो, ओसरीत बसून असतो. डी नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि मांड्यांमध्ये जोर येत नाही. मांडीत जोर नसेल तर धातूचा गुडघा घेऊन करायचं काय? म्हणून मी ह्या खालच्या ओळींसाठी घरोघर भांडत आले. बी किंवा सी जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं. डी मात्र अंगातल्या चरबीत साठून राहतं, सहजी बाहेर पडत नाही. हे मला कॉलेजपासून पाठ होतं. ते कुणाला सांगावं असं मात्र कधी वाटलं नाही, कारण इथे लोक मुळात घेतच नव्हते. जास्त घेणारा मला अजून भेटायचा होता.

सायत्राबाई भेटल्या चारेक वर्षांपूर्वी. लाखनीपासून स्कूटीवर वीस मिनिटांवरचं तलावाकाठचं गाव, घरी धानाची शेती, मुलगा गुणवंत, सून वंदना. वय पासष्टच्या पुढे. नवरा गेल्यापासून शेतीचं पाणी त्यांच्याच हाती होतं. तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. धुऱ्याला, म्हणजे त्या बांधाला, कुठे, केव्हा, किती तोंड पाडायचं, हे त्यांच्याइतकं त्या शिवारात कुणाला कळत नसे. गुडघे गेल्यापासून ते काम गुणवंतकडे आलं होतं, आणि पहिल्याच वर्षी त्याने खालच्या दोन बांध्या बुडवल्या होत्या.

मी पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारते, बरं झाल्यावर काय करायचंय? कुणी देवदर्शन सांगतं, कुणी नातवाचं लग्न. सायत्राबाई म्हणाल्या, "मले तलावाच्या पाळीवरून माह्या बांधीपावेतो जावाचं आहे. यंदा पानी मीच सोडन. याच्या हातानं धान वाचत नाई."

गुणवंत बाजूलाच उभा होता. तो हसला आणि बाहेर गेला.

पाळीची, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाची, चढण मी जाऊन पाहून आले. नव्या गुडघ्याला शंभर अंशांचा वाक असेल तर काठी घेऊन जमण्यासारखी होती. मी त्यांना तसा शब्द दिला. सुरुवातही झकास झाली. त्या न ओरडणाऱ्या होत्या, दात आवळून पाय वाकवायच्या. दहाव्या दिवशी सत्तर अंश झाले, आणि मी इतर पेशंटांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले.

आता माझ्या चुकीकडे येते. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. बिस्किटचा पुडा, केळी, टोस्ट, काहीतरी न्यायचंच. आणि जे आणलं ते आजाऱ्याने पाहुण्याच्या समोर थोडंतरी तोंडात घालायचं, नाहीतर आणणाऱ्याला वाटतं आपलं आणलेलं गोड लागलं नाही. सायत्राबाईंचा गोतावळा मोठा. गावात एवढं मोठं ऑपरेशन झालेल्या त्या पहिल्याच, त्यामुळे माणसांची रीघ. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा खाटेखाली बिस्किटांचे पुडे रचून ठेवलेले दिसले आणि माझं डोकं फिरलं. त्यांची साखर आधीच काठावर होती. त्या वेळी गावच्या बचत गटातल्या सात-आठ बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "हे मैद्याचे पुडे कशाला आणता? त्यापेक्षा औषधाच्या दुकानातून डीची पुडी आणा, दुधात घालून द्या. बाईच्या हाडाला तरी लागेल."

एवढंच वाक्य. मला ते त्याच दिवशी संध्याकाळी आठवत नव्हतं. मी रागाच्या भरात रोज अशी दहा वाक्यं बोलते.

चौथ्या आठवड्यात सायत्राबाई मंदावल्या. सत्तर अंशांवरून पंचाहत्तरला जायला तयार नाहीत. पाय उचला म्हटलं की उचलतात आणि अर्ध्यात सोडून देतात. जेवण नको म्हणतात, पोट साफ होत नाही म्हणतात, पाणी मात्र तांब्यामागून तांब्या. सारखं मोरीत जावं लागतं म्हणून कंटाळतात. मी गुडघा पाहिला. सूज नाही, ताप नाही, टाके स्वच्छ. माझ्या लेखी सगळं ठीक होतं. असं पुष्कळदा होतं. सुरुवातीचा जोर ओसरतो, घरचे लाड करतात, पेशंट पांघरूण ओढून पडतो. त्यावर माझ्याकडे एकच उपाय होता.

त्या दिवशी ओसरीत शेजारच्या दोघी बसल्या होत्या. सायत्राबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी म्हटलं, "सायत्राबाई, नाटकं पुरे. तुमच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाया पायऱ्या चढतात. तुम्ही आळशी झाल्या आहात. असंच पडून राहायचं होतं तर पोराला ऑपरेशन कशाला करायला लावलं?"

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि पाय उचलला. एक, दोन, तीन. चौथ्याला पाय थरथरायला लागला तरी खाली ठेवला नाही. मी विजयी मुद्रेने वंदनाकडे पाहिलं. त्या पाहण्याची आज लाज वाटते.

मी नेहमी सकाळी अकराच्या सुमाराला जायची, तेव्हा घरी वंदना आणि फार तर गावातल्या बाया असत, बाहेरगावचे पाहुणे दुपारनंतर येत. पुढच्या आठवड्यात एकदा स्कूटी पंक्चर झाली आणि पोचायला दुपार टळली. ओसरीत सायत्राबाईंच्या लेकीच्या सासरची माणसं बसली होती. त्यातल्या एका वयस्क बाईने पिशवीतून पुडी काढली, दुधाच्या पेल्यात रिकामी केली, बोटाने ढवळली आणि पेला सायत्राबाईंच्या तोंडाला लावला. सायत्राबाईंना उमासा आला. त्यांनी पदर तोंडाला लावला, थांबल्या, आणि मग पाहुणीकडे पाहून हसल्या आणि पेला रिकामा केला.

मी वंदनाला आत नेलं. "ही आज घ्यायची पुडी होती का?"

"थे सोमवारची अलग आहे, डॉक्टरनं देल्ली ते," ती म्हणाली. "हे भेटाले येनाऱ्याईचं."

"भेटायला येणाऱ्यांचं म्हणजे?"

तिने मांडणीवरचा स्टीलचा डबा काढला. डब्यात पुड्या, कॅल्शियमची पाकिटं, ताकदीच्या गोळ्यांच्या बाटल्या भरल्या होत्या. "आता बिस्किट कोनी आनतच नाई, मॅडम. कोनी एक आनते, कोनी दोन आनते. समोर नाई घेतलं तं बरं नाई दिसत. कालच्या रोजी चार झाल्या."

"चार? एका दिवसात? कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

वंदना गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. "तुम्हीच तं सांगतलं होतं. बचत गटाच्या बायाईले."

तहान, मोरीच्या फेऱ्या, उमासे, पोट साफ नसणं, गळून जाणं, हे सगळं पुस्तकातलं पान माझ्यासमोर दोन आठवडे उघडं होतं आणि मी गुडघ्याचे अंश मोजत बसले होते. डी वाढलं की रक्तात कॅल्शियम वाढतं. ते वाढलं की आधी मूत्रपिंडावर घाव बसतो, मग माणूस बरळायला लागतो, आणि हृदयही दगा देऊ शकतं. मी बाहेर येऊन सायत्राबाईंना विचारलं, आज कोणता वार? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "रोवना झाला का?" रोवणी, म्हणजे धानाची लावणी, होऊन दीड महिना लोटला होता.

गुणवंतने गाडी बोलावली. भंडाऱ्याला रक्त तपासलं, तिथल्या डॉक्टरांनी आकडा पाहून नागपूरला पाठवलं. मी त्यांच्यासोबत गेले होते. मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करत होती. सलाईन सुरू झालं, पुड्या-गोळ्या सगळं बंद. तिथले तरुण डॉक्टर भले होते, पण चिडले होते. मला त्यांची चीड ओळखीची होती. त्यांनी खाटेपाशी उभं राहून विचारलं, "इतक्या पुड्या घ्यायला यांना सांगितलं कुणी?"

गुणवंत माझ्याकडे पाहत नव्हता, मुद्दाम भिंतीकडे पाहत होता. वंदना जमिनीकडे. मी तोंड उघडलं, पण त्याआधी खाटेवरून आवाज आला. सायत्राबाईंचे डोळे अर्धवट मिटलेले होते, जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होते. "कोनी नाई जी. माह्याच मनानं घेतलं."

डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. मी उघडलेलं तोंड मिटलं. तीस वर्षांत मी मोठ्या आवाजात खूप बोलले, आणि जिथे एक वाक्य बोलायचं होतं तिथे गप्प बसले. ह्या गोष्टीचं समर्थन मी पुष्कळ करून पाहिलं. आता ते करत नाही.

डी अंगातून हळूहळूच उतरतं. त्या तीन आठवडे नागपूरला होत्या आणि नंतरही महिनाभर रक्ततपासणीच्या खेपा चालू होत्या. जीव वाचला, मूत्रपिंडंही बरीचशी सावरली. पण गुडघ्याचे मोलाचे आठवडे खाटेवर गेले होते. घरी आल्यावर मी पट्टी लावली तर पंचावन्न अंश. त्या वर्षी पाणी गुणवंतनेच सोडलं.

पुढचे सात-आठ महिने मी त्या घरी जात राहिले. रोज गुडघ्याला हात लावायच्या आधी विचारायची: काल काय खाल्लं, काय प्यायलं, लघवीला किती वेळा गेलात, झोप कशी? प्रत्येक गोळीचं पाकीट हातात घेऊन पाहायची. हे प्रश्न मी मग सगळ्याच पेशंटांना विचारू लागले, आणि काय काय बाहेर आलं म्हणून सांगू! एक मास्तर जावयाने दाखवलेल्या आणि मुलाने दाखवलेल्या अशा दोन्ही डॉक्टरांच्या यादीतलं लोह घेत होते आणि पोट फुगलं म्हणून व्यायाम सोडून बसले होते. एका ट्रक ड्रायव्हरने चार आठवड्यांच्या पुड्या एकदम घेतल्या होत्या, कारण मधे त्याला ओडिशाकडे जायचं होतं. औषधाच्या दुकानांतही मी जाऊन बसले, दुकानदारांशी भांडले. एकाने ऐकलं, बाकीच्यांनी चहा पाजला. बचत गटातही गेले. तिथे पुड्या न्यायचं बंद करा हे सांगितलं, का ते सांगितलं, पण आधी न्या म्हणणारी मीच होते, हे तिथेही माझ्या तोंडून निघालं नाही. त्या बाया भल्या. त्यांनी पुन्हा बिस्किटं सुरू केली.

सायत्राबाईंचा गुडघा अठ्ठ्याऐंशीला येऊन थांबला. पुढे नाही म्हणजे नाही. मी घरोघर जायचं काम थांबवलं त्याला आता दोन पावसाळे झाले, माझेच गुडघे कुरकुरायला लागलेत. मागच्या वर्षी धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, तेव्हा सहज त्यांच्याकडे गेले. वंदना म्हणाली, आई बांधीत गेल्या. मला खरं वाटेना. पाळीपर्यंत गेले तर दोन्ही बाजूंच्या चढणीला मातीच्या बुटक्या पायऱ्या खोदलेल्या, एकेक वीतभर उंचीच्या, अठ्ठ्याऐंशी अंशांच्या गुडघ्याला झेपतील अशा. गुणवंतने खोदल्या होत्या. खाली धुऱ्यावर सायत्राबाई काठी टेकून उभ्या होत्या आणि गुणवंत फावड्याने तोंड पाडत होता. त्यांचं तोंडही चालू होतं. "अजून नको. अबे, बस म्हनलं ना!"

मला पाहून त्या पाळीवर आल्या. एकेक पायरी, चांगला पाय आधी, मी शिकवलेलं तसंच. आम्ही दोघी पळसाच्या सावलीत उभ्या राहिलो, कारण खाली बसणं दोघींनाही जमत नव्हतं. मग मी बोलले. त्या पुड्या माझ्या सांगण्यावरून आल्या होत्या, नागपूरला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले, तुम्ही माझा दोष अंगावर घेतला, हे सगळं मी एका दमात सांगितलं.

सायत्राबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले मालूम होतं जी. मी तं तिथंच होती, तुम्ही बायाईले सांगतलं तवा. माह्या भल्यासाठीच सांगतलं ना? कोनाच्याही तोंडून निंगते एखादी गोष्ट. पुडीचा राग नाई मले."

मी डोळे पुसले. मोकळं वाटायला लागलं होतं. त्या तलावाकडे पाहत होत्या.

"मले तवाच समजत होतं, अंदर काईतरी बिघडून राहिलं म्हनून. तुमाले सांगाचं होतं. दोन दिवस मनात घोकून ठेवलं होतं, मॅडम आल्या का सांगीन. अन् तुम्ही आल्या, त्या शेजारनीच्या सामने मले आळशी म्हनलं. पन्नास वर्सं रोवना केला मी. पोटुशी असताना केला. नवरा मेला त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी केला. मले आजवर कोनी आळशी नाई म्हनलं. मंग मी तुमाले काई सांगतलंच नाई."

मी म्हटलं, "माझं चुकलं, सायत्राबाई."

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलंच."

खालून गुणवंतने हाक मारून विचारलं, तोंड बुजवू का? सायत्राबाईंनी पाण्याकडे नीट निरखून पाहिलं, हात वर करून त्याला थांबवलं, आणि मला म्हणाल्या की आता घरी जाऊन चहा घेऊ. मग काठी पुढे टाकून त्या गावाकडच्या पायऱ्या उतरू लागल्या. मी आधाराला हात पुढे केला. तो त्यांना दिसला होता, पण त्या एकट्याच उतरल्या.